शेणावरच्या माशीची टाच

प्रश्न : मी अकोले तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. घरी दोन गाई, एक म्हैस आणि वासरं. मुलाने दिवाळीला मोबाइलला चिमट्यासारखं अडकवायचं भिंग आणून दिलं. आधी फुलांचे फोटो काढले, मग मुंग्यांचे, आणि आता गाडी शेणापर्यंत आली आहे! गोठ्यामागे शेणाच्या पोवर तिळाएवढ्या काळपट माश्या असतात. घरमाशीसारख्या घोंगावत नाहीत. उडण्यापेक्षा पळतातच जास्त, आणि जवळ गेलं की शेणाच्या भेगेत शिरतात. चार फोटो पाठवते आहे. मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपने चार फोटोंना चार नावं दिली. त्यातलं एक फळमाशीचं आणि एक युरोपातल्या कुठल्याशा माशीचं. खरं नाव काय? फोटोवरून ओळखायचं तर बघायचं काय? आणि या माश्या जनावराला किंवा दुधाला काही अपाय करतात का? घरचे म्हणतात, हिला शेणात काय सापडलंय देव जाणे.

उत्तर : ताई, घरच्यांना हसू द्या. मी एकदा जुन्नरच्या बाजूला रस्त्याकडेला शेणाच्या पोशेजारी उकिडवा बसलो होतो. एक आजोबा थांबले. “पाहुणं, काय हरपलं का?” म्हटलं, माशी बघतोय. तेही शेजारी टेकले, पाच मिनिटं मन लावून बघत राहिले आणि उठताना म्हणाले, “हिला नावं सगळेच ठेवत्यात, नाव मात्र कुणी ठेवलेलं नाही.” त्यांचं खरंच होतं. मराठीत आपण घरमाशी, गोमाशी, मधमाशी, फळमाशी म्हणतो आणि बाकी सगळ्या बारक्यांना चिलटं, मुरकुटं, घुंगुरटी म्हणून मोकळे होतो. तुमच्या पोवरची माशी त्या बाकीच्यांतली. आपण तिला ‘छोटी शेणमाशी’ म्हणू.

छोटी अशासाठी की परदेशी पुस्तकांत ‘शेणमाशी’ म्हणून जिचा फोटो छापतात ती वेगळी आहे. ती सोनेरी-पिवळी, केसाळ आणि चांगली सेंटिमीटरभर लांब असते. लिनियसने 1758 साली तिचं नामकरण केलं. इंग्लंडच्या कुरणांत याच माशीमागे शेणाशेजारी तासन्‌तास बसून जेफ्री पार्कर नावाच्या तरुण संशोधकाने 1970 साली शुक्रजंतूंच्या स्पर्धेवरचा निबंध लिहिला. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे आजही तो वाचतात. घरचे फारच हसले तर त्यांना हे सांगा. तुमच्या माशीचं त्या माशीशी जवळचं नातं नाही. दोघींना जोडणारी गोष्ट एकच, शेण.

आता फोटोंकडे वळू.

पहिल्या फोटोतली माशी तुम्ही वर्णन केलेली नव्हेच. नीट बघा, ती मुंगीसारखी दिसते. डोकं गोल, कंबर बारीक, अंग चकचकीत काळं आणि पंखांच्या टोकापाशी एकेक काळा ठिपका. तुमच्याकडे या फोटोच्या आधीमागे व्हिडिओ असेल तर त्यात ती दोन्ही पंख वल्ह्यासारखे आलटून पालटून हलवताना दिसेल. हे सेप्सिडी कुळ. शेणावर सर्वांत सहज दिसणाऱ्या माश्यांपैकी ही एक. हिची ओळख पंखांच्या हालचालीत असते आणि स्थिर फोटोत नेमकी तीच हरवते. यांच्या नराच्या पुढच्या पायांवर खाचा आणि काटे असतात, मादीच्या पंखाचं मूळ पकडून ठेवायला. पुढच्या वेळी भिंग तिथे न्या, बघण्यासारखं आहे.

दुसरा फोटो हलला आहे. त्यावर ॲपने फळमाशी म्हटलं, मी काहीच म्हणणार नाही.

तिसरा फोटो वरून घेतलेला आहे आणि सुरेख आला आहे. पाठ, पंख, डोळे सगळं स्पष्ट. पण पाय सगळे अंगाखाली. माझ्या दृष्टीने या फोटोत चेहरा झाकलेला आहे म्हणा ना.

चौथा फोटो तुम्ही बहुधा चुकून काढलात. माशी पोच्या कडेवर, बाजूने, एक पाय मागे टाकलेला, पंख अर्धवट उचललेला. रंग काळपट तपकिरी. यात कुणाला सुंदर काही दिसणार नाही, पण मला हवं होतं ते सगळं याच फोटोत आहे. तो मोबाइलवर मोठा करा आणि मागच्या पायाकडे बघा.

माशीच्या पायाला मांडी असते, पोटरी असते आणि मग पाऊल. पाऊल पाच पेरांचं. बहुतेक माश्यांमध्ये पावलाचं पहिलं पेर, म्हणजे पोटरीला लागून असलेलं, सगळ्यांत लांब आणि सडपातळ असतं. घरमाशीचं बघा, फळमाशीचं बघा, तसंच दिसेल. तुमच्या चौथ्या फोटोतल्या माशीच्या मागच्या पायाचं पहिलं पेर मात्र आखूड आहे, दुसऱ्या पेरापेक्षाही आखूड, आणि सुजल्यासारखं जाड. पायात चांदीचा तोडा घातलाय जणू. ही तिची टाच. छोट्या शेणमाशीच्या कुळाची, म्हणजे स्फेरोसेरिडीची, ही जगभर चालणारी खूण आहे. ग्रीनलंडची असो की गोव्याची, हे कुळ आधी टाचेवरून ओळखतात.

कुळाच्या नावाचा अर्थ वेगळाच आहे. ग्रीकमध्ये ‘स्फैरा’ म्हणजे चेंडू आणि ‘केरास’ म्हणजे शिंग. माशीच्या तोंडापुढच्या स्पर्शकांना मराठीत शृंगिका म्हणतात, त्यातही शिंगच आहे. या माश्यांच्या शृंगिकेचं शेवटचं जाड पेर चेंडूसारखं गोल आणि त्यातून निघालेला एक लांब केस. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1804 साली यातल्या एका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाला, स्फेरोसेरा म्हटलं आणि पुढे तेच नाव सगळ्या कुळाला चिकटलं. जुन्या पुस्तकांत हेच कुळ बोरबोरिडी नावाने सापडेल. ते ग्रीक ‘बोरबोरोस’वरून, म्हणजे चिखल, घाण. बिचारीला तिथेही नावं ठेवली होती.

तर आपण कुळापर्यंत आलो. तुम्ही म्हणाल, पुढे? कुळ म्हणजे आडनाव झालं, नाव कुठे आहे?

इथेच ॲपची माशी शिंकते. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. जुन्या दप्तरातला कारकून कागदाची नक्कल करत होता, मूळ कागदावर एक माशी मरून चिकटलेली होती, त्याने इमानाने एक माशी मारून आपल्या नकलेत त्याच जागी चिकटवली. ॲपचं बरंचसं असंच चालतं. लोकांनी आधी टाकलेल्या फोटोंशी तो तुमचा फोटो ताडून बघतो. ज्या देशातले फोटो जास्त, तिथली नावं पुढे येतात. मोठं फुलपाखरू असेल तर उत्तर बरोबर येतं, कारण त्याची ओळख पंखांच्या रंगावर असते आणि रंग फोटोत येतो. तीळभर काळ्या माशीची ओळख मात्र रंगावर नसतेच.

मग कशावर असते? पहिल्यांदा पंखांच्या शिरांवर. यातलं सर्वांत मोठं उपकुळ लिमोसिनिनी. त्यात पंखाच्या मधल्या लांब शिरा कडेपर्यंत पोचता पोचता विरून जातात, उन्हाळ्यातल्या ओढ्यासारख्या. मोठ्या अंगाच्या कॉप्रोमायझिनी उपकुळात मधली शीर कडेपर्यंत जाते. तुमच्या चौथ्या फोटोत पंखामागे उजेड आहे म्हणून हे दिसतं आहे, आणि तुमच्या माशीची शीर विरते आहे. म्हणजे ती लिमोसिनिनी. इथवर मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

त्याच्या पुढे लागतात मधल्या पायाच्या पोटरीवरचे राठ केस. ते किती, कुठे आणि कुठल्या बाजूला. कपाळावरच्या केसांच्या ओळी. पाठीवरच्या केसांची मांडणी. हे सगळं दोन-अडीच मिलिमीटर अंगावर. आणि एवढं करूनही प्रजातीपर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत नाही. जात ठरते नराच्या पोटाच्या टोकातल्या जननावयवांवरून. ते बघायला माशी अल्कोहोलमध्ये ठेवावी लागते, पोटाचं टोक वेगळं करून अल्कलीच्या द्रावणात मऊ आणि पारदर्शक करावं लागतं, मग ग्लिसरिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत बघावं लागतं. मादी हाती लागली तर बऱ्याच वेळा तेही संपलं. मोबाइलचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असला तरी माशीच्या पोटात शिरत नाही.

एक-दोन अपवाद आहेत, तेवढे सांगतो. पोएसिलोसोमेला नावाची एक प्रजाती आशियाच्या उष्ण भागात आढळते. तिच्या पायांवर फिकट-गडद पट्टे असतात, काहींच्या पंखांवरही डाग. असा पट्टेरी पाय फोटोत दिसला तर प्रजातीचं नाव धाडसाने लिहायला हरकत नाही. स्फेरोसेरा आणि तिची चुलत प्रजाती इस्किओलेप्टा या खरबरीत, दणकट दिसतात आणि पाठीच्या मागच्या टोकाच्या कडेवर त्यांना बारीक उंचवट्यांची ओळ असते. तीही चांगल्या फोटोत टिपता येते. मी स्वतः या उंचवट्यांवरूनच तोंडघशी पडलो आहे. एका फोटोत ते मोजले, युरोपातल्या पुस्तकातल्या चित्राशी जुळवले आणि ऐटीत जातीचं पूर्ण नाव लिहून टाकलं. नंतर तीच माशी भिंगाखाली आली तेव्हा लक्षात आलं की ते उंचवटे नव्हतेच, शेणाचे कण होते. शेणातून पळणाऱ्या माशीच्या पाठीवर शेण असणार, हे मला सुचू नये!

उरलेल्यांचं काय? कॉप्रोइका प्रजातीतल्या काही जाती गुराढोरांबरोबर जवळजवळ जगभर पसरल्या आहेत. त्यातलीच एक कॉप्रोइका व्हेगन्स. आयर्लंडच्या हॅलिडे यांनी तिला 1833 साली नाव दिलं. ‘व्हेगन्स’ म्हणजे भटकी. तुमची माशी कॉप्रोइका असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पण ‘वाटते’ एवढंच. तुमच्या फोटोखाली मी ते नाव लिहिणार नाही.

फोटोवरून किती सांगावं हा वाद माश्यांच्या अभ्यासकांतही झाला आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मध्यभागी छोट्या शेणमाश्यांचाच एक जाणकार होता. कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातले स्टीफन मार्शल. या कुळावर आयुष्य घालवलेला माणूस आणि जिवंत माश्यांचा उत्तम छायाचित्रकारही. 2015 साली त्यांनी नील इव्हेनह्यूस यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या एका नव्या माशीचं वर्णन प्रसिद्ध केलं. संग्रहात त्या माशीचा एकही नमुना नव्हता, वर्णन केवळ फोटोंवरून केलेलं. भुंग्यासारखी दिसणारी, मोठी, इतर कुठल्याच माशीशी गल्लत होणार नाही अशी ती माशी होती. तरी पुढच्याच वर्षी जवळजवळ 500 वर्गीकरणशास्त्रज्ञांनी सह्या करून ‘फोटोवरचं वर्गीकरण नको’ म्हणून जाहीर उत्तर दिलं. मी या भांडणात दोन्ही बाजूंना मान डोलावतो. पण एक बघा. मार्शल यांनी फोटोवरून नाव दिलं ते भुंग्यासारख्या देखण्या माशीला. आयुष्यभर अभ्यासलेल्या तीळभर काळ्या शेणमाश्यांपैकी एकीला निवडलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. चौथ्या फोटोखाली लिहा : कुळ स्फेरोसेरिडी, उपकुळ लिमोसिनिनी. पुढची जागा रिकामी ठेवा. पहिल्या फोटोखाली लिहा सेप्सिडी. तिसऱ्याखाली ‘माशी, बहुधा स्फेरोसेरिडी’. दुसरा फोटो काढून टाका, किंवा वासराला दाखवा.

आता पुढच्या फोटोंसाठी चार गोष्टी. सकाळी लवकर जा, गारठ्यात माशी मंद असते. ऊन चढल्यावर ती तुम्हाला उभं करणार नाही. पोवर आपली सावली पडू देऊ नका, सावली हलली की सगळ्या भेगेत. ताज्या शेणापेक्षा वरून सुकत आलेला, साय धरल्यासारखा पो बघा. छोट्या शेणमाश्या कडेच्या भेगांतून ये-जा करत राहतात. एक भेग हेरायची, भिंग तिच्यावर रोखायचं आणि वाट बघायची. माशीच्या मागे धावलात तर ती जिंकते.

फ्लॅश वापरत असाल तर काळ्या चकचकीत अंगावर पांढरा डाग पडतो आणि केस दिसेनासे होतात. घरचं दूध असलं तरी कुणाकडून तरी दुधाची एक रिकामी पिशवी मागून आणा. ती स्वच्छ धुऊन तिचा पांढरा तुकडा फ्लॅशवर दुहेरी घडी करून लावा. उजेड मवाळ होतो. बाजारातलं महाग यंत्रही हेच करतं.

फोटो कसा हवा? एक बाजूने, मागचं पाऊल आणि पंख दोन्ही स्पष्ट दिसतील असा. भिंगाची नजर इतकी उथळ असते की माशीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. माशी भिंगाला समांतर असेल तरच दोन्ही एका पातळीत येतात. एक समोरून, कपाळाचा. एक वरून. आणि एक फोटो मापासाठी. त्याच जागी, त्याच अंतरावरून, मोहरीचा दाणा किंवा आलेख कागदाचा तुकडा ठेवून. मोहरी साधारण दोन मिलिमीटरची. या कुळातल्या माश्या एक ते पाच मिलिमीटर, म्हणजे खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या इथपासून तिळाच्या दीडपटीपर्यंत. नुसत्या फोटोत दोन मिलिमीटरची माशी आणि सात मिलिमीटरची घरमाशी सारखीच मोठी दिसते, म्हणून ॲप फसतो आणि माणूसही.

पोवर जमत नसेल तर एक युक्ती आहे, पण ती घरच्यांच्या नजरेआड करा. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पोवर पालथा घाला. माश्या उजेडाकडे वर चढतात आणि डब्याच्या भिंतीवर बसतात. खालून झाकण सरकवा, डबा पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पांढऱ्या बशीत उपडा करा. गारठलेली माशी मिनिटभर गप्प उभी राहते. तेवढ्यात टाच, पंख, कपाळ सगळं टिपून घ्या. अंगात ऊब आली की ती उडून जाईल, तिचं काही बिघडत नाही. डबा मात्र त्याच कामासाठी वेगळा ठेवा.

एखादी खरंच वेगळी वाटली, पट्टेरी पायाची किंवा बिनपंखाची, तर फोटो काढून झाल्यावर दोन-चार माश्या औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये छोट्या बाटलीत टाका. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, तारीख आणि ‘गाईचं शेण’ की ‘म्हशीचं’ हे लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत घाला. शाईने लिहू नका, स्पिरिटमध्ये विरघळते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अशा बाटल्या तिथेच जायला हव्यात.

बिनपंखाच्या म्हटलं ते उगीच नाही. या कुळात पंख आखडलेल्या किंवा अजिबात नसलेल्या जाती जगात ठिकठिकाणी आहेत. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वाटेवर केर्गेलेन बेटं आहेत. तिथली अनाटालांटा आप्टेरा ही माशी जन्मभर चालत असते, तिला पंखच नाहीत. नावातल्या ‘आप्टेरा’चा अर्थच बिनपंखाची. ज्या बेटांवर वारा सतत झोडपत असतो तिथे उडून समुद्रात जाण्यापेक्षा पायी चाललेलं बरं. उडण्यापेक्षा पळणं हा तुमच्या गोठ्यामागच्या माशीचा स्वभाव तिथे टोकाला गेला आहे.

आणि या कुळातल्या सगळ्या शेणावर नसतात. कुजलेली पानं, अळंबी, मेलेली जनावरं, वटवाघळांच्या गुहा, समुद्रकिनाऱ्यावर साचून सडलेलं शेवाळ, कुठेही. शेवाळावर वाढणारी थोराकोकीटा झोस्टेरी म्हणून एक आहे. तिचे कोष इंग्लंडमध्ये समुद्रापासून दूरच्या जुन्या शहरांत, मध्ययुगीन शौचखड्ड्यांच्या गाळात ढिगाने सापडले. पुरातत्त्वज्ञ बुचकळ्यात पडले की इतकं शेवाळ शहरात कोण आणि कशाला आणत होतं? 1990 च्या दशकात त्या कोषांतल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची तपासणी झाली आणि कळलं की त्या माश्या शेवाळावर वाढलेल्याच नव्हत्या. त्या खड्ड्यातल्या मैल्यावरच वाढल्या होत्या. आज ती किनाऱ्यावर राहते, तेव्हा शहरात राहत होती. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या संडासाची हकीकत तीन मिलिमीटरच्या माशीने सांगितली.

आता दुधाचा आणि जनावराचा प्रश्न. छोटी शेणमाशी चावत नाही, तिला चावायला सोंडच नाही. तिच्या अळ्या शेणातले जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव खातात आणि दोन-तीन आठवड्यांत माशी होऊन बाहेर पडतात. पोचं खत होण्यात तिचा खारीचा वाटा आहे. शेणावर फिरलेले पाय दुधावर नकोत म्हणून बादली झाकायची, ती तर तुम्ही झाकताच.

काळजी करायची ती दुसरीची. म्हशीच्या पाठीवर, पोटाखाली करड्या रंगाच्या, घरमाशीपेक्षा लहान माश्या थव्याने चिकटून बसतात, टोकदार सोंड पुढे काढून. त्या रक्त पितात. त्या जनावरावरच राहतात आणि शेण पडताक्षणी खाली उतरून त्यात अंडी घालून परत वर जातात. म्हणून शेण पडल्यावर पहिल्या मिनिटात त्यावर जी दिसते ती बहुधा ती, आणि काही तासांनी भेगांतून पळते ती आपली. फोटोत दोघी ‘शेणावरची बारीक माशी’ म्हणून एकत्र येतात आणि फवारणीची बाटली निरपराध बाईवर रिकामी होते. चावऱ्या माशीच्या अळीला ओलं शेण लागतं. रोजचं शेण गोवऱ्या थापून उन्हात टाकलं किंवा गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर तिचं घर वाळतं किंवा बुडतं. पो जागच्या जागी पडून राहिले की तिची चंगळ.

एक शेवटची गोष्ट, वेळ मिळाला तर बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेणाचा गोळा ढकलत नेणारा काळा शेणकिडा दिसेल. या कुळातल्या सेरोप्टेरा प्रजातीतल्या काही माश्या अशा किड्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात. त्याने गोळा पुरला की आपली अंडी त्याच्या गोळ्यात घालतात. म्हणजे मेहनत किड्याची, पंगत माशीची. तुम्हाला किडा दिसला आणि त्याच्या पाठीवर दोन-तीन काळे ठिपके हलताना दिसले, तर तो फोटो टाच दिसत नसली तरी मला पाठवा.

*

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, अकरावीत आहे. आमच्या मोरीत आणि बाथरूमच्या भिंतीवर छोट्या माश्या असतात. त्या शेणमाश्या असू शकतात का? आमच्याकडे गाय नाही.

उत्तर : गाय लागत नाही. पण आधी पंख बघ. केसाळ, करडे, पतंगासारखे पसरलेले पानाच्या आकाराचे पंख असतील तर ती मोरीमाशी, सायकोडिडी कुळातली. भिंतीवर दिवसभर निवांत बसते, हात लावला तर भुकटी होते. शहरातल्या बाथरूममध्ये दहापैकी नऊ वेळा हीच असते. पाठीला कुबड असलेली आणि थांबून-थांबून झटक्याने पळणारी दिसली तर फोरिडी. लाल डोळ्यांची, केळ्यांभोवती फिरणारी असेल तर फळमाशी.

आता मागच्या पायाची टाच सुजलेली दिसली तर मात्र आईबाबांना सांग. लेप्टोसेरा प्रजातीतल्या एका माशीचा ब्रिटनमधल्या घरांत असा अनुभव आहे की ती घरात वारंवार दिसली तर बहुधा कुठेतरी सांडपाण्याचा पाइप फुटलेला असतो आणि ती फरशीखालच्या ओलसर मैल्यातून वर येते. फवारा मारून ती जात नाही, प्लंबर आणल्यावर जाते. फोटो काढताना बाथरूमची पांढरी टाइल हीच तुझी पांढरी बशी, आणि तिच्या दोन सांध्यांमधलं अंतर पट्टीने मोजून ठेव, म्हणजे मापही मिळेल.